सात नंबरच्या फाटकावरचा झेंडा

तरसाली, बडोदे
रविवार, १६ नोव्हेंबर १९९७

प्रिय अवंती,

तुझ्या बाबाला भीती वाटते आहे. एवढं एक वाक्य लिहायला सकाळ गेली. आधी दोन कागद फाडले. एकावर थंडी पडू लागल्याचं लिहिलं होतं, दुसऱ्यावर तुझ्या वादविवाद स्पर्धेबद्दल. दोन्ही वाचून पाहिले आणि माझ्या लक्षात आलं की मी युनियनच्या सभेची सुरुवात करतो तशीच सुरुवात करतो आहे; आधी श्रोत्यांना जरा सैल करायचं, मग मुद्द्यावर यायचं. आज ते नको.  सकाळी चहा तसाच गार झाला, तर तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, ताप आहे का? मी नाही म्हणालो.

उद्या अकरा वाजता सुभानकाकांची चौकशी आहे. अपघाताचं तुला फोनवर थोडं सांगितलं होतं. आमच्या रेल्वेत ज्याच्यावर आरोप येतो त्याला आपल्या बाजूने बोलायला एक सहकारी सोबत नेता येतो. बावीस वर्षांत मी असे चाळीसहून जास्त लोक वाचवले. आरोप सिद्ध झाला तर सुभानरावांची नोकरी जाईल आणि पेन्शनही जाईल; निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. त्यांच्या वतीने बोलणार आहे तुझा बाबा. सगळ्या लाइनवर लोक म्हणतात, जनार्दन आहेत ना, मग सुभानराव सुटले. हे वाक्य कानावर आलं की मी विषय बदलतो.

लहानपणी तू माझ्याबरोबर गार्डाच्या डब्यात बसून सांढासरपर्यंत यायचीस, तेव्हा तुला फाटकांची गंमत वाटायची. एक्केचाळीस किलोमीटरात अकरा फाटकं, आणि एकाही फाटकावर माणूस नाही. फाटकवाला गाडीतूनच फिरतो. गाडी फाटकाआधी थांबते, सुभानराव उतरतात, दोन्ही बाजूंचे दांडे लावतात, मधे उभे राहून हिरवा झेंडा दाखवतात, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबते, ते दांडे उघडतात आणि पळत येऊन डब्यात चढतात. अकरा वेळा जाताना, अकरा वेळा येताना. तू एकदा त्यांना विचारलं होतंस, काका, तुम्ही गाडीने जाता की चालत? ते म्हणाले होते, बेटा, आजोबा महाराजांच्या पागेत घोड्यावर होते, मी रेल्वेत पायदळात आहे.

ही थांबाथांब आमच्या गाडीच्या मुळावर आली होती. गेल्या पाच-सहा वर्षांत सगळा देशच बदलला. जे नफा देत नाही ते बंद करा, नाही तर विका, हे आता वर्तमानपत्रात रोज शहाण्या भाषेत लिहून येतं. सांढासरच्या रस्त्यावर जीपा धावू लागल्या. नऊ जणांच्या जागेत बावीस माणसं कोंबतात, टपावर आणखी सहा, पण तासाभरात बडोद्यात आणून टाकतात. आमची गाडी तीन तास घेते. मी मात्र हट्टाने सांगत आलो की जीपवाल्याला पाऊस झाला की रस्ता परवडत नाही, आजारी म्हातारी परवडत नाही, दुधाची कॅन परवडत नाही. रेल्वेला हे सगळं परवडलंच पाहिजे, कारण ती लोकांची आहे. मी हे आजही मानतो, अवंती. पुढचं वाचताना हे विसरू नकोस. मी खोट्या गोष्टीसाठी चूक केली नाही. खऱ्या गोष्टीसाठी केली, आणि म्हणूनच ती इतकी सहज झाली.

सप्टेंबरात पत्र आलं की ही लाइन ठेवायची की बंद करायची हे पाहायला तीन जणांची समिती येणार. महिनाभर गाडीचा वेळ आणि उतारू पाहणार, त्यातच एक दिवस बडोद्यात बसून आमचं म्हणणं ऐकणार. युनियनची बैठक स्टेशनमागच्या लिंबाखाली झाली. तिथे ठरलं की हा महिना गाडी वेळेवर आणायची, काहीही करून. पाच, सहा, सात आणि आठ ही चार फाटकं जवळजवळ आहेत आणि त्यांच्या कडेने गाडीवाट जाते. सुभानरावांनी सकाळी सायकलवरून पुढे निघायचं, ही चारही फाटकं आधीच लावून टाकायची, खांबाला हिरवा झेंडा बांधायचा आणि आठ नंबरला गाडी हळू झाली की चढायचं. कुलूप लावायचं नाही, म्हणजे गाडी गेल्यावर गावकरी आपापली फाटकं उघडून घेतील. उरलेली सात फाटकं ड्रायव्हरचा मदतनीस सांभाळेल. ड्रायव्हरला झेंडा दिसला की त्याने थांबायचं नाही. पस्तीस मिनिटं वाचणार होती.

नियम असा आहे की झेंडा माणसाच्या हातात हवा. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

नऊ दिवस गाडी वेळेवर आली. उतारूंना विश्वास बसेना. मधल्या एका स्टेशनावर एक दूधवाले काका घड्याळाकडे पाहून ओरडले, अल्या, आज टाइमसर? कोण मरी गयुं? सगळा डबा हसला. मीही हसलो. तो माझा गार्डाच्या ड्यूटीचा दिवस होता, आणि मी डब्याच्या दारातून सात नंबरच्या खांबावर तो झेंडा फडफडताना पाहिला होता. छान दिसत होता.

दहाव्या दिवशी मी रजा घेतली, कारण समितीसमोर मला बोलायचं होतं. ते तिघे टेबलापलीकडे, मी उभा. तुझ्या आईने इस्त्री केलेला पांढरा सदरा, खिशात नेहमीची खडीसाखर. मी पाऊण तास बोललो. समितीतले एक साहेब लिहायचं थांबवून नुसते ऐकत होते, इतकं ते जमलं होतं. शेवटी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि म्हणालो, साहेब, दहा चाळीसला आमची गाडी खाली येऊन लागेल, माझ्यावर विश्वास ठेवू नका, खिडकीतून पाहा. दहा चाळीस झाले. दहा पन्नास झाले. मी एक विनोद केला, ते हसले. अकरा वाजता कोणी हसलं नाही. सव्वा अकराला फोन वाजला. शिपाई तो घ्यायला उठला. फोनवर काय आहे ते मला ठाऊक होतं. मी त्या फोनची दहा दिवस वाट पाहत होतो, फक्त ते स्वतःला सांगत नव्हतो.

सात नंबरला कापसाचा ट्रॅक्टर आला होता. ट्रॉलीत कापूस, वर वेचणाऱ्या पाच बायका. फाटक लावलेलं, आजूबाजूला कोणी नाही. बराच वेळ थांबून ट्रॅक्टरवाल्याने स्वतः उतरून दोन्ही दांडे उघडले. ट्रॉली रुळांवर असताना गाडी आली. ड्रायव्हरला झेंडा दिसला, ट्रॉली दिसायला उशीर झाला. कापसामुळे चौघी वाचल्या. पाचवी, मंगळीबेन राठवा, तिचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

मी तिला भेटायला दवाखान्यात गेलो. नेता म्हणून गेलो असं दाखवलं, बरोबर सफरचंदं नेली. तिने मला ओळखलं नाही, मी ऑफिसचा माणूस आहे असंच तिला वाटलं. मी विचारलं, नक्की काय झालं होतं? ती म्हणाली, साहेब, अमे तो घणी बूम पाडी. काका, ओ काका, कोई छे? एवढ्या हाका मारूनही कोणी ओ दिली नाही. मग छताकडे पाहत म्हणाली, झंडी तो हती, साहेब. माणस नोतो. झेंडा होता, माणूस नव्हता. मी सफरचंदं खाटेखाली ठेवली आणि बाहेर येऊन जिन्यावर बसलो. एक नर्स म्हणाली, काका, बाजूला बसा, स्ट्रेचर जायचंय.

त्या दिवसापासून मला कशाचीही भीती वाटते. दारावर कुणी आलं की वाटतं, कळलं. तुझी आई शेजारच्या जागृतीबेनशी हळू आवाजात बोलली की वाटतं, हिला कळलं. परवा बाजवाला सभा होती. तिथे एका माणसाने मागून चिठ्ठी पाठवली आणि ती उघडेपर्यंत मी पुढचं वाक्य विसरलो. चिठ्ठीत लिहिलं होतं, पंखा बंद करा. हसू नकोस. मी बोलताना वाक्य विसरलेलं तू कधी ऐकलं आहेस का?

आता उद्याचं. आमचा सेक्रेटरी गजेंद्र हुशार आहे, तरुण आहे. गुरुवारी तो घरी आला आणि दार लावून घेऊन म्हणाला, जनुभाऊ, बैठकीतलं काही बाहेर येता कामा नये. समिती अजून अहवाल लिहिते आहे. युनियनने ठरवून नियम मोडला हे कळलं की लाइन तिथेच संपली. सुभानकाकांनी आपल्या मनाने केलं, भोळा माणूस, गाडीच्या प्रेमापोटी केलं, असं मांडा. तुम्ही मांडलंत की फार तर सक्तीची निवृत्ती देतील, थोडी पेन्शन राहील. मी म्हणालो, आणि राहिली नाही तर? तो म्हणाला, एक माणूस की अकरा गावं, तुम्हीच सांगा. ही तुलना त्याने माझ्याच एका भाषणातून घेतली होती.

आणि अवंती, मी ते भाषण लिहिलं. सहा पानं आहेत. ट्रॅक्टरवाल्याकडे परवाना नव्हता, ते आहे. अकरा फाटकांना एक माणूस, हा प्रशासनाचा कंजूषपणा, ते आहे. तीस वर्षं निष्कलंक सेवा आहे. रोज किती वेळा हा माणूस डब्यातून उतरतो आणि चढतो, त्याच्या गुडघ्यांचं काय झालं आहे, हे ऐकून चौकशी अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल. त्या सहा पानांत एकही वाक्य खोटं नाही. मी दोनदा तपासलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं लिखाण आहे, आणि ते चालेल हे मला कळतं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

आज सकाळी सुभानराव स्वतः आले. सायकलला पिशवी, पिशवीत परसातल्या तुरीच्या शेंगा. तुझ्या आईला म्हणाले, वहिनी, लीलवा आहेत, अवंतीबेन असती तर कचोरी झाली असती. मग माझ्यासमोर बसून टोपी गुडघ्यावर ठेवून विचारतात, भाऊ, उद्या युनिफॉर्म घालू की साधे कपडे? मी म्हणालो, युनिफॉर्म. म्हणाले, तुम्ही बोलणार, मग मी तोंड उघडायचंच नाही ना? माझ्या तोंडाने सगळं बिघडतं. मी दार लोटलं आणि म्हणालो, सुभानराव, झेंडा बांधायची कल्पना माझी होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, जणू मी शिवी दिली. मग खिशातून आरोपपत्राची घडी काढली, उलगडली आणि बोट ठेवून म्हणाले, भाऊ, कागदात विचारलंय की झेंडा कोणी बांधला. कोणी सांगितलं ते विचारलंच नाही. बांधला मी. मी म्हणालो, तरी पण. ते म्हणाले, तुम्ही गेलात तर आमच्यासाठी बोलणारं राहिलं कोण? गजेंद्र? तो तर नाकातून बोलतो. आणि हसले. मला हसता आलं नाही.

ते आमच्या अंगणाच्या फाटकापर्यंत जाऊन परत आले. म्हणाले, भाऊ, त्या बाईचा पाय कसा आहे? मी म्हणालो, बरा आहे. नसलेला पाय बरा आहे, असं मी बोललो बघ. त्यांच्या ते लक्षात आलं, पण माझा मान राखून ते सायकलवर बसले.

आतापर्यंत मी तुला लिहिलं, बैठकीत ठरलं. मग लिहिलं, माझी कल्पना होती. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही अपुरं आहे. उरलेलं लिहितो. लिंबाखाली मी ती योजना मांडली तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त सुभानराव उठून उभे राहिले. सभेत ते कधी बोलत नाहीत. टोपी हातात घेऊन म्हणाले, भाऊ, माफ करा, पण झेंड्याला डोळे नसतात. मी तिथे असलो तर ट्रॅक्टर थांबवीन. झेंडा कसा थांबवेल? त्यांनी एवढंच विचारलं. बरोबर प्रश्न होता. त्याला उत्तर नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आणि उत्तर नसलं की मी काय करतो ते तुला माहीत आहे, तूही तेच शिकली आहेस माझ्याकडून. मी म्हणालो, सुभानराव, आजोबांनी तोफेपुढे घोडा घातला म्हणता आणि नातू ट्रॅक्टरला भितो? हशा उसळला. टाळ्या पडल्या. सुभानरावही हसले, कानापर्यंत लाल झाले, आणि खाली बसले. दुसऱ्या दिवशी पहाटे सायकलला हवा भरून निघाले. त्या माणसाला मी पटवलं नव्हतं. चारचौघांत लाजवलं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून झेंडा बांधला असं मी मनाला सांगत होतो. खरं तर पुन्हा कोणी हसू नये म्हणून बांधला. त्या हशासाठी मंगळीबेनचा पाय गेला.

उद्या मी सहा पानं नेणार नाही. चार वाक्यं बोलणार आहे. फाटकं आधी लावून झेंडा बांधायची योजना माझी होती. कर्मचारी सुभानराव यांनी ती धोक्याची आहे असं सभेत उभं राहून सांगितलं होतं. मी त्यांची थट्टा करून त्यांना गप्प केलं. या प्रकरणात त्यांचा बचाव करायला मी लायक नाही, त्यांना दुसरा माणूस द्यावा आणि माझ्यावर आरोप ठेवावा. बस. यातून सुभानराव पूर्ण सुटतील अशी खात्री नाही, बांधला त्यांनीच. पण नोकरी राहील असं वाटतं. माझी राहणार नाही. पोलिसांत प्रकरण गेलं तर त्याहून वाईट. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या खर्चाचं काय करायचं, ते मला आज सुचत नाही.

आणि गाडी. समितीला हवं होतं ते कारण मी माझ्या हाताने देईन. कदाचित त्या कारणावाचूनही ते लाइन बंदच करणार होते, कदाचित नाही. सांढासरची माणसं जीपच्या टपावर बसतील तेव्हा माझं नाव घेतील. गजेंद्र सभेत मला फितूर म्हणेल, आणि चांगलं म्हणेल, मीच शिकवलं आहे त्याला. मी आयुष्यभर म्हणत आलो की ही रेल्वे लोकांची आहे. मग सात नंबरला हाका मारणाऱ्या त्या बायका कोणाच्या होत्या, हा प्रश्न कोणी विचारला तर माझ्याकडे विनोद नाही.

हे तुला फोनवर का सांगितलं नाही, असं तू विचारशील. फोनवर मी तुला पटवलं असतं. रडवलंही असतं, आणि शेवटी तूच म्हणाली असतीस, बाबा, नका सांगू कोणाला. मी स्वतःला ओळखतो, अवंती. उद्या अकरा वाजता मी उभा राहीन, समोर चार ऐकणारे चेहरे असतील, शेजारी सुभानराव कडक युनिफॉर्ममध्ये माझ्या तोंडाकडे बघत असतील, आणि माझी जीभ आपल्या सवयीच्या वाटेला लागेल. ती सहा पानं मला पाठ आहेत. त्या जिभेची मला भीती वाटते, नोकरीपेक्षा जास्त. म्हणून तुला आधी लिहिलं. जगात एकाच माणसासमोर मला खोटं ठरणं सोसवणार नाही, आणि ती तू आहेस. स्टेशनवर आर. एम. एस.च्या, म्हणजे रेल्वे टपालाच्या, पेटीतली थैली चारला निघते. त्या पेटीत पडलेलं पत्र कोणाला परत मिळत नाही, बावीस वर्षांच्या गार्डालाही नाही. एकदा ते गाडीत चढलं की तुला कळलेलं असेल, मग उद्या मी दुसरं काही बोललो तर ते तुझ्या हातातल्या कागदासमोर बोलेन. आता साडेतीन झाले आहेत. आई विचारते आहे, कुठे निघालात, उन्हाचे? तिला परत आल्यावर सांगणार आहे, पेटीत टाकल्यानंतर. चप्पल घालून, दारातल्या खुर्चीवर बसून हे शेवटचं लिहितो आहे, कारण आत जाऊन टेबलाशी बसलो तर पुन्हा उठणार नाही.

तुझाच, भ्यालेला,
बाबा